नाव विचारलं, असं समजा

आमच्या घरात पेशंट व्हायला कोणी तयार नव्हतं, परीक्षक व्हायला मात्र सगळे एका पायावर तयार होते. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. लेखी पेपर झाले होते, प्रात्यक्षिक राहिलं होतं. ते पास झाल्याशिवाय कौन्सिलात नाव नोंदलं जात नाही, आणि नोंदणी नसेल तर अख्ख्या जबलपुरात कोणी मला नर्स म्हणून उभं करणार नव्हतं. इतकी वर्षं घासून मी फक्त चादरी बदलण्याच्या लायकीची होते.

सराव घरी करावा लागे, कारण कॉलेजात एकच बाहुली होती. माणसाएवढी, प्लास्टिकची, डावा हात खांद्यातून निखळलेला. तिच्या खोलीची किल्ली ज्या मॅडमकडे असे त्या नेहमी रजेवर, आणि मॅडम आल्याच तर किल्ली घरी राहिलेली. आम्ही मुली बाहेर उभ्या राहून एकमेकींचीच नाडी बघायचो. आता मला 'मुलगी' म्हणणं जरा धाडसाचंच, कारण मी लग्नानंतर शिकायला लागले होते आणि वर्गातल्या पोरी मला दीदी म्हणत. मी तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, घरात माणसं नाहीत का.

माणसं होती. नवरा रेल्वेत कारकून. त्याला आडवं व्हायला सांगितलं की त्याला खरोखर झोप लागायची, आणि घोरण्याच्या आवाजात बीपीचे ठोके ऐकू यायचे नाहीत. जागा असला की खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. कोपरा नीट नाही, हात आधी धुवायचे होते, चेहरा जरा हसरा ठेव. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की धडधाकट माणसानं आजाराचं सोंग घेतलं तर तो आजार खरोखर अंगावर येतो. राहिले सासरे, म्हणजे बाबा.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथं त्यांचं सगळं आयुष्य तपासणीत गेलं. तयार माल समोर यायचा, ते मोजमाप घ्यायचे, शिक्का मारायचे नाहीतर परत पाठवायचे. रिटायर झाल्यावर परत पाठवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते भाजीवाल्याच्या भेंड्या परत पाठवत. माझ्या परीक्षेनं त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. पेशंट मी होणार, असं त्यांनीच जाहीर केलं आणि गोहलपुरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानातून सलाईनचा स्टँड बनवून आणला. मी मागितला नव्हता. तो इतका उंच झाला होता की पंख्याला लागायचा, त्यामुळे सराव चालू असेपर्यंत पंखा बंद. मे महिन्यात, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या बंद खोलीत, पंखा न लावता मी त्यांना ताप नसल्याची खात्री करून घेत होते.

पेशंट म्हणून बाबा भयंकर होते. थर्मामीटर तोंडात असताना त्यांना हमखास काहीतरी आठवायचं. गोळ्या म्हणून मी फुटाणे द्यायची, तर ते एक खाऊन मूठभर मागायचे. चादरीचा कोपरा तिरका दुमडायचा असतो, तो ते अंगठ्यानं मोजायचे आणि स्वतःच उपसून म्हणायचे, परत घाल. खिडकीतून शेजारच्या काकूंना सांगायचे, "सून शिकून राहिली, मी ॲडमिट आहे." काकूंनी ते खरं मानून एकदा मऊ खिचडी पाठवली आणि बाबांनी ती खाल्ली.

आता मुख्य गोष्ट. रुग्णाचं काहीही करायचं असो, सुरुवात ठरलेली असते. हात धुवायचे, रुग्णाजवळ जायचं, त्याला त्याचं नाव विचारायचं, ते कागदाशी जुळवायचं, आणि मग काय करणार आहोत ते समजावून सांगायचं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्या तोंडून आलं पाहिजे. पुस्तकात हे अगदी वरच आहे, आणि तिथंच माझं घोडं अडत होतं. सासऱ्यांना नाव कसं विचारायचं?

ज्यांना हे हास्यास्पद वाटतं त्यांनी आमच्या घरात राहून बघावं. सून सासऱ्यांचं नाव उच्चारत नाही. बँकेतसुद्धा मी ते चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवलं आहे. आई तर त्याहून पुढच्या. बाबांचं नाव त्यांच्या तोंडून निघतं ते फक्त उखाण्यात, तेही हळदीकुंकवाला चौघींनी वाट अडवल्यावर. एरवी 'हे', आणि फारच राग आला तर 'कारखानेवाले'. गल्लीच्या तोंडाशी बाबांच्याच नावाचा एक मिठाईवाला आहे, त्याच्या पेढ्यांना आई आजतागायत 'कोपऱ्यावरचे पेढे' म्हणतात.

आता उच्चारणं वेगळं आणि विचारणं वेगळं, हे मलाही कळत होतं. पण ज्यांच्या घरात सून म्हणून आले, ज्यांच्या ताटात रोज वाढते, त्यांच्यासमोर उभं राहून "आपलं नाव काय?" म्हणायचं म्हणजे मला उद्धटपणा वाटे. जीभच वळायची नाही. म्हणून मी पलंगाशी उभी राहून म्हणायची, "नाव विचारलं, असं समजा." बाबा म्हणायचे, "समजलं." की पुढं चालू. कॉलेजातल्या हात तुटलेल्या बाहुलीपुढंही सगळ्या पोरी असंच म्हणायच्या, नाम पूछ लिया, त्यामुळे कोणालाच त्यात काही खटकलं नाही. भेंडीतली कीड शोधणाऱ्या बाबांनाही नाही.

परीक्षा खऱ्या वॉर्डात, खऱ्या पेशंटवर होती, आणि मी उचललेल्या चिठ्ठीवर आलं, तोंडावाटे औषध देणे. मला हसूच आलं, इतके फुटाणे खपवले होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शांत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन. मी ट्रे लावला, एकही वस्तू विसरले नाही. हात धुतले. पलंगापाशी गेले. पोटाच्या दुखण्यानं आलेले एक गृहस्थ उशीला टेकून माझ्याकडं बघत होते. मी ताठ उभी राहिले आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पेशंट का नाम पूछ लिया."

गृहस्थ सरळ होऊन बसले. "हमसे कब पूछा?"

मला आधी ते काय म्हणताहेत तेच कळलं नाही. परीक्षक बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मला विचारलं, हे औषध तुम्ही कोणाला देताय. मी घाईघाईनं कागदावरचं नाव वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ते कागदाचं नाव झालं. बाकी सगळं त्यांनी मला करू दिलं, चुका काढल्या नाहीत, आणि तेव्हाच मी समजले. नापास. चुकीच्या माणसाच्या तोंडात गोळी घालू शकणारी नर्स त्या पास करणार नव्हत्या, आणि माझा सगळा संताप याच गोष्टीचा होता, की बाई बरोबर होत्या.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, एवढं सोपं होतं ते. मी त्याला ताटावरून उठवायचं तेवढं बाकी ठेवलं. पुन्हा बसायची एक संधी होती, थंडीत. ती गेली तर अख्खं वर्ष पुन्हा, आणि मला दुसरं वर्ष मिळणार नाही हे घरात कोणी बोललं नव्हतं, पण मला ते भिंतींवरसुद्धा दिसत होतं. ज्या नर्सिंग होममध्ये मी शिकाऊ म्हणून जात होते तिथल्या मेट्रनबाईंनी जागा थंडीतल्या परीक्षेपर्यंत धरून ठेवली होती. त्यापुढं त्या थांबणार नव्हत्या, तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

बाबा जेवण झाल्यावर म्हणाले, "नंबर न बघता लॉट पास केला मी. इतक्या वर्षांत नाही केला कधी." मग त्यांनी स्टँड पलंगाजवळ ओढला, जणू आत्ताच पुन्हा ॲडमिट व्हायचं होतं.

हिवाळा आला. जबलपुरात हिवाळा म्हणजे मटार. घरोघरी पोती येतात आणि बायकांची नखं हिरवी होतात. फुटाण्यांची जागा मटारच्या दाण्यांनी घेतली आणि पंख्याचा प्रश्न मिटला. नावाचा मिटला नाही. मी ट्रे घेऊन पलंगाशी उभी राहायची. कधी "तुमचं..." म्हणून थांबायची, कधी चादरच सारखी करायला लागायची. वॉर्डात वीस अनोळखी माणसांना मी फाडफाड नाव विचारून येत होते, आणि घरी आले की पालथ्या घड्यावर पाणी. मला भीती अशी होती, की परीक्षेच्या धास्तीत जीभ पुन्हा जुन्या सवयीवर जाईल. कारण माझं सगळं पाठांतर या पलंगापाशी झालं होतं, आणि त्यात ती जागा रिकामीच होती.

शेवटी बाबांनी संप केला. तोंड घट्ट मिटून पडून राहिले. थर्मामीटर आत जाईना, मटारचा दाणा आत जाईना. मी विनवलं, मग रागावले. ते छताकडं बघत राहिले. एवढंच म्हणाले, "नाव विचार, मग तोंड उघडतो. काहून घाबरून राहिली?" आणि पुन्हा मिटलं.

आई खाली बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. "सासऱ्याले नाव विचारते का कोणी? चार लोक आयकतील तर काय म्हणतील?" बाबा तोंड मिटूनच हुंकारले. मला एकाएकी दोघांचाही असा वीट आला, आणि माझ्या त्या अडेल जिभेचाही, की मी ट्रे स्टुलावर आपटला आणि म्हणाले, "बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी ओरडलेच जवळजवळ. बाबांनी डोळे माझ्याकडं वळवले आणि नाव, वडलांचं नाव, आडनाव, हजेरीला उभे असल्यासारखं सांगितलं. मग आ वासला. मी दाणा तोंडात टाकला. त्यानंतर मात्र जमलं. दुसऱ्या दिवशी कमी ओरडून, मग साध्या आवाजात. काही दिवसांनी तर मी चहा देतानाही विचारलं आणि आईंनी कपाळाला हात लावला.

पण बाबांना एवढ्यावर चैन कुठलं. एका दुपारी मी पलंगाजवळ गेले, नाव विचारलं, तर उत्तर नाही. डोळे मिटलेले, जीभ जराशी बाहेर. नवऱ्यानं खुर्चीतून खुलासा केला, की पेशंट बेशुद्ध आहे. बेशुद्ध असेल तर नातेवाइकाला विचारायचं असतं. नवरा सोडला तर खोलीत नातेवाईक एकच होत्या, त्यांच्या मांडीत मटारच्या सालांचा ढीग होता.

मी म्हणाले, "आई, पेशंटचं नाव सांगा."

"मी नाही घेणार," आई म्हणाल्या. "त्याले विचार, बसला आहे ना तो."

नवरा म्हणाला, मी ड्यूटीवर आहे, मी इथं नाहीच. आणि तो खरोखर उठून बाहेर गेला. मी आईंना म्हटलं, उखाण्यात घ्या. त्या म्हणाल्या, माणूस मरून राहिला अन् मी उखाणा घेऊ? ते खोटंखोटं बेशुद्ध पडलेलं माणूस उशीवर हसू दाबत होतं, चादर हलत होती. मी चिडून बोलले, की आई, हे सोंग आहे म्हणून ठीक आहे, उद्या खरंच असे पडले आणि समोर माझ्यासारखीच कोणी नर्स असली, तर ती काय कोपऱ्यावरच्या पेढ्यांवरून ओळखणार आहे?

हे मी बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. चादर हलायची थांबली. आईंनी सालं बाजूला केली, हात पदराला पुसले, उठल्या. माझ्या अगदी जवळ आल्या, माझ्या कानापाशी हात आडवा धरला आणि बाबांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागं पुढं यमक नाही. त्यांच्या श्वासाला कच्च्या मटाराचा वास येत होता. ते नाव मी रेशनकार्डावर किती वेळा वाचलं असेल, पण असं, कोणीतरी कोणाचं आहे अशा आवाजात, पहिल्यांदाच ऐकलं.

"आता दे गोळी," त्या म्हणाल्या. "अन् पुन्हा विचारू नको मला." त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवसभर आमच्यापैकी कोणाशी बोलल्या नाहीत. बाबा बराच वेळ उठलेच नाहीत, नुसते शुद्धीवर येऊन पडून राहिले.

परीक्षेला पुन्हा त्याच बाई. एवढ्या प्रांतात दुसऱ्या कोणी परीक्षक नव्हत्याच की काय, देव जाणे. मला बघून त्यांनी चष्मा वर केला, "आप फिर?" आणि चिठ्ठ्यांचा डबा पुढं केला. इंजेक्शन. पेशंट मझौलीकडचा एक म्हातारा शेतकरी, जबड्याचं ऑपरेशन झालेला. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी, बोलायची मनाई. मी हात धुतले, ट्रे लावला, पलंगाजवळ गेले आणि पट्टीकडं बघून मनातल्या मनात बाबांना हात जोडले.

उशाशी त्याची बायको बसली होती. मी नमस्कार केला आणि विचारलं, अम्माजी, इनका नाम बताइए. तिनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. हसली. पायाशी लटकलेल्या कागदाकडं बोट करून म्हणाली, "उतै लिखो तो है."

मी म्हटलं, कागदाचं नको, तुमच्या तोंडून हवं. तिनं मान हलवली. "हम कैसे लें इनको नाम, बेटा?"

परीक्षक बाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. पेन उघडलेलं होतं. इतक्या महिन्यांची वणवण, तो स्टँड, ते फुटाणे, आणि शेवटी माझी नर्सिंग पुन्हा एका बाईच्या त्याच एका शब्दापाशी अडली होती. क्षणभर वाटलं, कागद वाचावा आणि मोकळं व्हावं. मग मी ट्रे खाली ठेवला, वाकले, कान तिच्या तोंडापाशी नेला आणि वर माझाच हात आडवा धरला.

"मेरे कान में कह दो, अम्मा. ये नहीं सुनेंगे."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले, बहुतेक तिच्यासाठीच. मग तिनं सांगितलं. इतकं हळू, की शेवटचं अक्षर मला तिच्या ओठांवरून ओळखावं लागलं. मी उभी राहिले, नाव मोठ्यानं म्हटलं, कागद बघितला, जुळलं. मग काय करणार ते दोघांना समजावून सांगितलं आणि सुई टोचली. म्हातारा हललासुद्धा नाही. बाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, कान का लावला. मी म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ यह नाम ऐसे ही निकलता है." त्यांनी माझ्याकडं बघितलं, आपलं मंगळसूत्र उगाच सरळ केलं आणि लिहायला लागल्या.

निकाल बऱ्याच उशिरानं आला. पास. नोंदणी झाली, जागाही मिळाली, आणि गोहलपूरच्या स्टँडवर आता ओले टॉवेल वाळतात. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा दोघं मटार सोलत बसले होते आणि बाबांनी विचारायच्या आत आईंनी विचारलं, "नाव विचारलं?"

"विचारलं. त्याच्या तोंडाला पट्टी होती. मग बायकोला विचारलं."

आईंचे हात थांबले. "घेतलं तिनं?"

"कानात."

त्यांनी सावकाश मान हलवली, जशी एखाद्या ओळखीच्या बाईची खुशाली कळल्यावर हलवतात. "मग झालं. पास आहे तू."

बाबांतला तपासनीस जागा झाला. निकाल लागल्याशिवाय असं बोलू नये, इंजेक्शनचा कोन बरोबर होता का, हात नक्की धुतले होते का, चादर कोणी घातली होती, असं त्यांनी सुरू केलं. ते थांबेचनात. आई एकदा म्हणाल्या, जरा बसू द्या तिला. बाबा पुढं चालूच. तेव्हा आईंनी हातातली शेंग परातीत टाकली आणि त्यांना गप्प बसायला सांगितलं, नावानं. चांगलं मोठ्यानं, खिडकी उघडी असताना.

बाबांनी तोंड मिटलं. थोड्या वेळानं त्यांनी परात स्वतःकडं ओढली आणि खाली मान घालून शेंगा सोलू लागले.